बिनमिशीचा फोटो

कारखान्याच्या डॉक्टरांनी ठिपक्यांच्या पुस्तकाचं तिसरं पान उघडून समोर धरलं. मास्तरांना त्यात आठाचा आकडा लख्ख दिसला आणि त्यांचं तोंड म्हणालं, "तीन." डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. गेली सव्वीस वर्षं, दर वर्षी याच महिन्यात, याच खुर्चीत बसून मास्तर हे पुस्तक वाचत आले होते. दोऱ्याच्या कारखान्यात ज्याला रंगाच्या छटा जुळवायच्या असतात त्याला ही तपासणी चुकत नाही, आणि सगळ्या कारखान्यात छटा जुळवणारे ते एकटेच, म्हणून तर त्यांना शेडमास्तर म्हणायचे. डॉक्टर हसून म्हणाले, आज घरून भांडून आलात की काय, पुन्हा बघा. मास्तरांनी पुन्हा बघितल्यासारखं केलं. बघायचं काय होतं? आठ तिथंच होता, हिरवट ठिपक्यांच्या गर्दीत तांबूस ठिपक्यांचा, आंधळ्यालाही दिसावा इतका उघड. "आठ," ते म्हणाले, आणि पुढची पानं त्यांनी धडाधड वाचून टाकली. डॉक्टरांनी कागदावर बरोबरची खूण केली, सही केली, पुढच्याला आत पाठवा म्हणाले. मास्तर उठले तेव्हा त्यांच्या मानेला घाम आला होता. कारण तीन हा काही तोंडाला येईल तो आकडा नव्हता. त्या पानावर तीनच दिसणारा एक माणूस त्यांच्या ओळखीचा होता, आणि त्याला समुद्रात बुडून चार महिने झाले होते.

रंगखात्याची खिडकी उत्तरेला होती. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो, ऊन आत शिरून रंग बिघडवत नाही, म्हणून मास्तरांचं टेबल कायम तिथं. टेबलावर रंगवून आलेल्या ओल्या लड्या, शेजारी गिऱ्हाइकाने पसंत केलेला नमुना. लडी नमुन्याशेजारी धरायची, डोळे थोडे बारीक करायचे, आणि जुळली की आत कुठेतरी दार लागावं तसं व्हायचं. ते होईपर्यंत ढीग पुढे सरकत नसे, मग मालक स्वतः येऊन उभा राहो. आज गडद तांबड्याचा ढीग होता. मास्तर लडी हातात घेऊन बसले आणि बसूनच राहिले. डोळ्यांवर त्यांचा अजून विश्वास होता. तोंडावरचा उडाला होता. खिशात बंदराच्या कचेरीचं पत्र होतं, चार घड्या घातलेलं. परवा सकाळी साडेदहाला मयत खलाशाच्या नातेवाइकांनी चौकशी मंडळापुढे येऊन त्याच्या कागदपत्रांची ओळख पटवावी, एवढंच त्यात लिहिलं होतं. दोन प्रश्न विचारतील, हो म्हणायचं आणि घरी यायचं. पण ज्या तोंडाने आज भरल्या उजेडात आठाचा तीन केला ते परवा काय करील याचा नेम काय?

जहाज कसं बुडालं ते एव्हाना त्यांना पाठ झालं होतं. सूर्य नुकताच बुडाला होता, पाण्यावर विरळ धुकं होतं, आणि मास्तरांचा धाकटा भाऊ पुढच्या टोकाला टेहळणीवर उभा होता. समोरून दुसरं जहाज येत होतं. धुक्यातून त्याचा एक दिवा दिसला. जहाजाच्या उजव्या कुशीला हिरवा दिवा असतो, डाव्या कुशीला तांबडा, आणि कुठला दिसतो यावरून आपण वळायचं कुठे ते ठरतं. धाकट्याने वर कळवलं, हिरवा. वर सुकाणूपाशी उभ्या असलेल्या, दुसरा अधिकारी म्हणतात त्या हुद्द्याच्या माणसाने त्याच्या शब्दावर जहाज वळवलं, ते नेमकं समोरच्या जहाजाच्या पुढ्यात नेऊन घातलं. दिवा तांबडा होता. एकोणीस माणसांतली सहा परत आली. पुढचं टोक तर पहिल्याच धडकेत चेपलं गेलं. अधिकारी वाचला होता आणि पहिल्या दिवसापासून एकच सांगत होता, की टेहळणीवरच्या माणसाने हिरवा सांगितला. कंपनी म्हणत होती, हे अंगाशी आलेलं मेलेल्या माणसावर ढकलणं झालं. त्या खलाशाच्या नजरेचा दाखला बघा, बावीस वर्षं एक ठिपका चुकलेला नाही. दाखला खरोखरच स्वच्छ होता, आणि तो स्वच्छ असणारच होता. त्यातले डोळे मास्तरांचे होते.

धाकट्याला तांबडा-हिरवा निराळा दिसत नाही हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मास्तर दहा वर्षांचे होते आणि तो सहाचा. लाल रबरी चेंडू होता. तो घरामागच्या गवतात पडला की धाकटा त्याच्या चारी बाजूंनी फिरायचा आणि त्याला सापडायचा नाही. पायाखाली आला तरच. बाप म्हणायचा, लक्ष नाही कार्ट्याचं. आई त्याला बाजारातून टोमॅटो आणायला पाठवायची आणि तो कच्चे हिरवे घेऊन यायचा, त्यावरून मार खायचा. कधी तक्रार नाही. एके दिवशी त्याने मोठ्या भावाला बाजूला घेऊन विचारलं, "दादा, तुम्हाला सगळ्यांना कसं कळतं?" मास्तरांना तो प्रश्न अजून ऐकू यायचा. त्यात रडगाणं नव्हतं, नुसतं कुतूहल होतं. आपल्याला न शिकवलेली एखादी युक्ती सगळ्या जगाला येते असं त्याला वाटत होतं. आणि इकडे मास्तर असे, की शेजारच्या बायका झंपराला जुळणारा दोरा आणायला मुद्दाम त्यांना पाठवायच्या. आईच्या पोटातून सगळे रंग आपणच उचलून आणले, मागून येणाऱ्याला काही ठेवलं नाही, असं ते पुढे गमतीने म्हणायचे. गंमत म्हणून ठीक होतं. अलीकडे मात्र ते वाक्य मनात आलं की त्यांना चोरी केल्यासारखं वाटे.

समुद्राचं वेड धाकट्याला कुठून लागलं देव जाणे. अंगाने दणकट, पोहण्यात पटाईत, शाळेत यथातथा. भरती कचेरीत गेला आणि ठिपक्यांच्या पुस्तकाने परत पाठवला. घरी येऊन म्हणाला, "तिसऱ्या पानावर तीन होता, दादा. मी तीन म्हणालो. माझ्या मागचा आठ म्हणाला आणि त्याला घेतलं." त्या आठवड्यात घरात कोणी धड जेवलं नाही. मग मास्तर म्हणाले, दुसऱ्या बंदरावर दुसरी कचेरी आहे, तिथं मी जातो तुझ्या नावाने. ही युक्ती त्यांचीच होती. धाकट्याने कधी मागितली नव्हती. भावासाठी केलं असं ते स्वतःला सांगत आले. पण त्या वर्षी त्यांचं लग्न ठरत होतं आणि घरात खोल्या दोन होत्या. धाकटा जहाजावर गेला तर आतली खोली मोकळी होणार होती. हे त्यांच्या मनात आलं होतं, नाही असं नाही. खिडकीतल्या त्या एकसारख्या उजेडात ते आता स्वच्छ दिसत होतं.

आणखी एक गोष्ट होती आणि ती खोलीपेक्षा वाईट होती. ती परीक्षा त्यांना आवडली होती. अंधारी खोली, समोर लांबवर टाचणीच्या डोक्याएवढे दोन दिवे, तांबडा, हिरवा, पांढरा, उलटसुलट लागणारे, आणि प्रत्येक वेळी डॉक्टर विचारायच्या आत त्यांचं उत्तर तयार. डॉक्टर म्हणाला होता, असे डोळे मी पाहिले नाहीत. मास्तर बाहेर आले ते छाती काढून. रस्त्यापलीकडे चहाच्या दुकानात धाकटा बसला होता. त्याला बातमी सांगताना आपण पास झालो हा आनंद आधी आला आणि तो जहाजावर जाणार हे मागून आठवलं.

दाखल्याची मुदत दोन वर्षांची असायची. त्यामुळे दर दोन वर्षांनी धाकटा सुट्टीवर आला की दोघं त्या बंदराला जायचे. पुढे दाखल्यावर फोटो आला, तोही तिथंच काढायचे, म्हणून मास्तर जायच्या आदल्या दिवशी मिशी उतरवायचे आणि केसांना कलप लावायचे. रंगखात्यात रंगाला काय तोटा? दोघांची चेहरेपट्टी एक. फोटोतला माणूस धाकट्यापेक्षा जरा थोराड दिसायचा, पण समुद्रावरची माणसं लवकर पिकतात असं कचेरीतला कारकून स्वतःच म्हणायचा. कारखान्यात विचारलं तर मास्तर सांगायचे, रंगाच्या भुकटीने ओठावर पुरळ येतं. बायकोलाही तेच सांगितलं होतं आणि ती तीन वर्षांपूर्वी तेच खरं मानून गेली. अंधाऱ्या खोलीतून बाहेर आल्यावर चहा. मग धाकटा जहाजाच्या गोष्टी सांगायचा. त्या गोष्टींत वादळं वगैरे फारशी नसत; गंज असे. पहाटेपासून गंज खरवडायचा, त्यावर रंग द्यायचा, आणि शेवटाला पोचेपर्यंत सुरुवातीचं पुन्हा गंजलेलं असायचं. रंगाच्या डब्यांवर तो खिळ्याने रेघा मारून ठेवायचा, एक रेघ तांबडा, दोन रेघा हिरवा. टेहळणीची पाळी आली की ती दुसऱ्याच्या गळ्यात घालून बदल्यात टाकीत उतरायचा, जिथं उतरायला बाकीचे नाकं मुरडायचे. सगळे म्हणायचे, कामाला वाघ आहे. अगदीच टळली नाही तर युक्ती होती: तांबडा दिवा जरा काळवंडलेला दिसतो, हिरवा जरा पांढुरका. एवढ्यावर त्याने बावीस वर्षं काढली. एका पत्रात त्याने लिहिलं होतं, "दादा, बाकी सगळं जमतं. धुकं पडलं की मात्र माझी विद्या संपते." मास्तरांनी ते वाचून हसून ठेवून दिलं होतं.

शेवटचा चहा गेल्या वर्षीचा. धाकट्याच्या कानांवरचे केस पांढरे झाले होते. तो बशीत चहा ओतून बराच वेळ पीत नव्हता. म्हणाला, "आता पुरे करू या का? जमिनीवरचं काही बघतो." मास्तरांची मिशी नुकतीच उतरवलेली, ओठ गार लागत होता, दिवे ओळखल्याची झिंग अजून डोक्यात होती. ते म्हणाले, आणखी दोन वर्षं काढ. एवढ्या वर्षांत काही झालं नाही, आता काय होतंय? पुरे करू म्हणायला तोंड उघडायचं तेवढंच काम होतं. धाकटा बरं म्हणाला. तो मोठ्या भावाचं नेहमीच ऐकायचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमाराला भावजय घरी आली. एकटीच. सोबत कागदांची पिशवी होती. मास्तरांनी पाणी दिलं, मुलीची चौकशी केली. मुलगी शाळेत सगळ्यांना सांगते, माझे बाबा शेवटपर्यंत जागेवरून हलले नाहीत. भावजय कागद काढून दाखवत गेली, जन्माचा, लग्नाचा, आणि उद्या किती वाजता निघायचं ते ठरवून झालं. मग ती उठली. दारात चपला घालताना, पाठमोरीच, म्हणाली, "उद्या मिशी ठेवूनच या, भाऊजी."

मास्तरांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. ती वळली. म्हणाली, दर दोन वर्षांनी हे दाखला काढून यायचे आणि तुम्ही आमच्याकडे जेवायला यायचे ते तोंड चुकवत, बिनमिशीचे. दोनदा वाटलं पुरळ असेल. तिसऱ्यांदा यांना विचारलं. बावीसातली सोळा वर्षं मला माहीत आहे. तिचा आवाज चढला नाही. मास्तरांनी कसंबसं म्हटलं, की त्या अधिकाऱ्याचं सगळं आयुष्य जाईल, तुरुंगात सुद्धा जाईल, आणि तो खरं बोलतोय.

"त्याचं बघायला तो स्वतः जिवंत आहे," ती म्हणाली. "यांचं कोण बघणार? उद्या पोरीला काय सांगू, तुझ्या बापामुळे बारा माणसं मेली? आणि बापाला तिथं उभं कुणी केलं होतं, तेही सांगू?"

ती गेल्यावर मास्तर तिथंच दाराशी उभे राहिले. बारा. त्यांनी आजवर एकोणिसातून सहा वजा करून तेरा म्हटलं होतं. तिने आपला माणूस त्यात धरला नव्हता.

सकाळी आरशासमोर त्यांनी दाढी केली आणि वस्तरा मिशीपाशी येऊन थांबला. मिशी करडी झाली होती, बरीचशी पांढरी. ती ठेवली. मग ओठांची हालचाल बघत त्यांनी तालीम केली. हा माझा धाकटा भाऊ. हा माझा धाकटा भाऊ. सातव्या-आठव्या वेळेला शब्द नुसते आवाज झाले. रस्त्यावर निघाल्यावरही ते ओठ हलवत होते आणि समोरून येणारी एक बाई त्यांच्याकडे बघत बाजूला झाली. चौकात तांबडा दिवा लागला तेव्हा ते इतर सगळ्यांबरोबर थांबले. त्या दिव्याकडे बघताना त्यांनी धाकट्याने सांगितलं होतं तसं तो काळवंडलेला बघण्याचा प्रयत्न केला. जमलं नाही. दिवा तांबडाच होता, अंगावर येणारा.

बंदराच्या कचेरीतल्या दालनात तीन माणसं लांब टेबलामागे बसली होती. भिंतीला लागून बाकं. समोरच्या बाकावर एकटाच बसलेला तरुण माणूस दुसरा अधिकारी असणार. पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, नखं मात्र कुरतडून मुळापर्यंत गेलेली. मास्तर भावजयीशेजारी बसले. कागद एकेक करून पुढे येत होते. कारकुनाने नजरेचा दाखला आधी भावजयीपुढे धरला आणि विचारलं, हा फोटो आपल्या यजमानांचा? तिने फोटोकडे पाहिलं, हो म्हटलं, आणि पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसली. मग तो मास्तरांपुढे आला. फोटो गेल्या वर्षीचा होता. मास्तरांना त्यात स्वतःचा चेहरा दिसला, गार पडलेल्या उघड्या ओठाचा, नुकतीच परीक्षा पास झालेला. त्याखाली त्यांच्या अक्षरात धाकट्याची सही होती. आता, असं त्यांना वाटलं. आता तोंड आपलं आपण बोलेल. त्यांनी ते उघडलं आणि वाट बघितली.

"हा माझा धाकटा भाऊ," तोंड म्हणालं. एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. सहीसुद्धा त्याचीच, असंही ते न विचारता म्हणालं. कारकुनाने दाखल्याच्या कोपऱ्यात बरोबरची खूण केली आणि तो पुढच्या कागदाकडे वळला. मास्तरांना तेव्हा कुठे कळलं, की दोन दिवस आपण ज्याला भीती म्हणत होतो ती भीती नव्हती. ती आशा होती. चूक व्हावी, आपल्या हातून नाही तर आपल्या नकळत व्हावी, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि तोंडाने ऐन वेळी प्रामाणिकपणे हुकूम पाळला होता.

अर्ध्या तासाची सुट्टी झाली. बाहेरच्या अरुंद वऱ्हांड्यात माणसं येऊन उभी राहिली. भावजय म्हणाली, आपलं काम झालं, निघू या. दोघं जिन्याकडे निघाले तेवढ्यात मागून अधिकारी आला. भावजय बाजूला झाली. तो तिच्याशी बोलायला धजला नाही, मास्तरांपुढे येऊन उभा राहिला. म्हणाला, तुमचा भाऊ माझ्या हाताखाली तीन वर्षं होता, असा माणूस मिळत नाही. जी कामं दुसरं कोणी करायचं नाही ती तो मागून घ्यायचा. मग बोलायला काही उरलं नाही तरी तो हलेना.

"मी त्याच्यावर ढकलतोय असं तुम्हाला वाटत असेल," तो म्हणाला. "चार महिने त्या दाखल्याची नक्कल उशाशी घेऊन झोपतोय. त्या फोटोत तो केवढा थोराड दिसतो, मला ओळखूच येत नाही. आता वाटायला लागलंय की इतकी चांगली नजर असलेला माणूस चुकेल कसा? माझ्याच डोक्यात घोळ झाला असेल. दुपारी तसं सांगून टाकतो."

त्याने हे शांतपणे सांगितलं, आणि त्याला बरंही वाटलेलं दिसलं. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. एका माणसाला त्यांनी असंच हळूहळू पटवलं होतं, की काही होत नाही, आणखी दोन वर्षं. हा दुसरा. त्यांनी तोंड उघडलं. त्यातून काही आलं नाही. आत शब्द होते, सगळे होते, पण ते तोंड आता कायमचं त्या दालनातल्या टेबलाचं झालं होतं. मागे जिन्यापाशी भावजय म्हणाली, "भाऊजी, चला."

मास्तर गेले नाहीत. त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं उचलली आणि वरच्या ओठावर आडवी धरली, मिशी पुरती झाकली जाईल अशी. मान ताठ केली, अंधाऱ्या खोलीबाहेर फोटो काढताना धरायचे तशी, आणि समोर बघत उभे राहिले. अधिकाऱ्याला ते रडू आवरत आहेत असं वाटलं असावं. त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. थोपटलं, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा हात उचललाच नाही. तो खांद्यावर तसाच राहिला आणि जड होत गेला. जिन्यावर भावजयीची पावलं वाजली, दोन पायऱ्या खाली, मग थांबली. वऱ्हांड्याची खिडकी उत्तरेला असावी, उजेड एकसारखा होता. त्या उजेडात अधिकारी डोळे थोडे बारीक करून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता, आणि शेजारी, मनातल्या मनात, त्याने तो फोटो धरला होता. मास्तरांनी बोटं हलवली नाहीत. जुळलं की माणसाचा चेहरा कसा होतो, ते त्यांना सव्वीस वर्षं माहीत होतं.